गुरुवारच्या सुट्टीचं अस्वल

इंगवलेकाकांनी मला पहिल्या भेटीतच साळिंदर ठरवलं.

कासारवाडीच्या ह्या सोसायटीत मी सामान घेऊन आले तो दिवस. हमाल माझा फ्रिज जिन्याच्या कठड्याला घासत घासत वर आणत होते आणि मी त्यांना माझ्या पद्धतीने चार गोष्टी समजावून सांगत होते. तेवढ्यात शेजारचं दार उघडलं आणि एक भरघोस मिशी बाहेर आली. मिशीच्या मागून काका आले. त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं, माझं हमालांशी चाललेलं संभाषण ऐकलं, मान डोलावली आणि घरात तोंड करून म्हणाले, "अगं ए, शेजारी साळिंदर आलंय."

लोक नव्या शेजारणीला चहा विचारतात. पण असो. चहाही आला, काकूंनी आणला, आणि कप हातात देताना हळूच म्हणाल्या, "राग मानू नका ताई, साळिंदर चांगलं असतं मालिकेत. नुसते काटेच असतात त्याला."

मालिका म्हणजे रानातल्या प्राण्यांची ती जुनी कार्टून मालिका. टीव्हीवर एकच चॅनेल होतं तेव्हा रविवारी सकाळी लागायची. प्राणी परदेशी, पण बोलायचे हिंदी. माझ्या लहानपणी आमच्या गावात रविवारी सकाळी लाइट हमखास जायची, त्यामुळे माझं त्या बाबतीतलं शिक्षण अर्धवट राहिलं. काकांचं मात्र पूर्ण झालं होतं. साताऱ्याकडून येऊन सगळं आयुष्य प्रेस शॉपमध्ये पत्रे ठोकण्यात घालवलेला हा माणूस जगाकडं फक्त त्या मालिकेतून बघायचा. सोसायटीत येईल त्याला प्राणी लावून मोकळा. चेअरमन हत्ती, म्हणजे समोरून आला की वाट द्यायची, काम मात्र सांगायचं नाही. वॉचमन घुबड, जरी हे घुबड रात्रीच घोरत असलं तरी. तळमजल्यावरचे बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ कासव, कारण गाडीला दुसरा गिअर असतो ही बातमी त्यांच्यापर्यंत अजून पोचलेली नाही. सेक्रेटरी देशमाने कोल्हा. काकू म्हणजे खार. आणि स्वतः काका अर्थातच अस्वल, मालिकेचा हिरो.

आता ह्या महान तज्ज्ञाबद्दलची एक किरकोळ गोष्ट सांगायची राहिली. काकांनी त्या मालिकेचा एकही भाग पाहिलेला नव्हता.

हे समजायला आमच्या भागात राहायला हवं. सगळ्या जगाला रविवारी सुट्टी असते, पिंपरी-चिंचवडच्या कंपन्यांना गुरुवारी. पूर्वी म्हणे विजेच्या वाटणीसाठी असं केलं, आणि एकदा लागलेली सवय सरकारी असो की नवऱ्याची, सुटते कुठं? चाकणच्या कंपनीत मीही गुरुवारचीच. पाहुणे रविवारी जेवायला बोलावतात आणि आम्ही येत नाही म्हणून बोलणं सोडतात. तर, मालिका लागायची रविवारी सकाळी आणि त्या वेळी काका प्रेसवर. मग बघायच्या काकू. तेव्हा ते दोघं भोसरीत एका भाड्याच्या खोलीत राहायचे. काका संध्याकाळी घरी आले की विचारायचे, "मग, आज काय झालं मालिकेत?" आणि काकू भाकरी थापता थापता सगळा भाग सांगायच्या.

हे काका लपवायचे नाहीत. उलट मिशीवरून हात फिरवून म्हणायचे, "बघनाऱ्याचं ध्यान इकडं तिकडं जातंय. ऐकनाऱ्याचं जात न्हाई."

आणि अजूनही हा प्रकार चालू होता. मालिका संपून जमाना झाला, काका रिटायर झाले, पण दर रविवारी संध्याकाळी आमच्या मधल्या भिंतीतून काकूंचा आवाज यायचा आणि मधूनमधून काकांचा, "बरं, मंग?" मला आधी वाटलं पोथी वाचतात. मग एकदा "मंग अस्वलानं डबा कुठं ठिवला?" असं ऐकू आलं आणि माझा गैरसमज दूर झाला.

काकांच्या तोंडून त्या जंगलाची जी माहिती मिळायची ती मला सुरुवातीपासून जरा अजबच वाटायची. त्या जंगलात खार एका ढोलीत भाड्याने राहायची. ढोलीची मालकीण एक घूस होती आणि ती पाण्यावरून कटकट करायची, सकाळी सातनंतर झरा बंद. अस्वल अंधारात डबा घेऊन बाहेर पडायचं आणि अंधारातच परत यायचं. कुठं जायचं, ते कुणी विचारायचं नाही. ओव्हरटाइम असेल त्या दिवशी खार ढोलीच्या तोंडाशी बसून राहायची. आणि सगळ्यात कहर म्हणजे जंगलाला सुट्टी गुरुवारी.

"काका," मी एकदा न राहवून म्हटलं, "परदेशातल्या जंगलाला गुरुवारी सुट्टी?"

"मंग?" काका म्हणाले. "तिकडं बी लाइटीचा प्रॉब्लेम असंलच की."

ह्यावर साळिंदराने काटे मिटले.

हे असंच चाललं असतं. पण गेल्या गणपतीत सोसायटीने देखाव्यासाठी विषय घेतला जंगल. मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, त्या जुन्या मालिकेतले प्राणी करू, मोठ्यांनाही मजा येईल. झालं. काकांनी कुणी न विचारता दिग्दर्शन हातात घेतलं. थर्माकोलच्या प्रत्येक तुकड्यावर त्यांचं मत. "अस्वलाच्या हातात डबा पायजे. स्टीलचा. आन खारीला हिरवी चोळी."

देशमाने खुर्चीतून उठले. देशमाने म्हणजे हिंजवडीतल्या आयटीवाल्यांतला कोल्हा, शनिवार-रविवार दोन्ही दिवस सुट्टी, त्यामुळे दुसऱ्यांच्या चुका काढायला मुबलक वेळ. ते म्हणाले, "काका, मी लहानपणी दर रविवारी ती मालिका बघितलीय. एकही भाग चुकवला नाही. तिच्यात अस्वलच नव्हतं."

काका असे बघत होते जणू कुणी त्यांना म्हटलं, साताऱ्यात अजिंक्यताराच नव्हता.

"तुमी नीट बघितली न्हाई, देशमानेसाहेब."

"आणि तुम्ही तर बघितलीच नाही," देशमाने म्हणाले. "ऐकीव माहिती तुमची. नेटवर सगळे भाग आहेत. गणपतीच्या चौथ्या दिवशी पार्किंगमध्ये पडदा लावू, सगळ्यांसमोर दाखवू. लावता पैज?"

माणसाने अशा वेळी घरी जावं. पण काका मिशीला हात लावून म्हणाले, "आमची ही खोटं सांगनार न्हाई. अस्वल न्हाई निघालं तर मिशी उतरवतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सोसायटीच्या मीटिंगमध्ये इतका आनंद पाण्याची टाकी झाली तेव्हाही झाला नव्हता. मी सहज काकूंकडं पाहिलं. त्या मागच्या खुर्चीत पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. गुंडाळायच्या, सोडायच्या, परत गुंडाळायच्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत त्या नव्हत्या.

दोन दिवसांनी गुरुवार होता. मी गिरणीत दळण घेऊन गेले तर काकू तिथं. चक्की चालू होती आणि बोललेलं काही ऐकू येत नव्हतं. बहुधा म्हणूनच काकूंनी ती जागा निवडली असावी. माझ्या कानाशी येऊन त्या ओरडून म्हणाल्या, "ताई, तेवढा पडदा बंद करता येईल का?"

"का?" मीही ओरडले.

"अस्वल न्हाई त्यात."

मग त्या चक्कीच्या आवाजात मला सगळं कळलं. भोसरीच्या खोलीत टीव्ही कुठला असायला? टीव्ही होता घरमालकिणीकडं. काकू लग्न होऊन नव्याच आलेल्या. पहिले दोन रविवार मालकिणीच्या दारात, उंबऱ्याबाहेर बसून त्यांनी मालिका बघितली. तिसऱ्या रविवारी मालकिणीने त्यांच्या तोंडावर दार लावून घेतलं. गर्दी होते म्हणाली. एक नवी नवरी, ती गर्दी.

"संध्याकाळी ह्यांनी इचारलं, आज काय झालं मालिकेत? दार लावलं म्हणून सांगितलं असतं तर हे भांडायला गेले असते. खोली गेली असती. म्हणून मी आपलं मनानंच काहीतरी सांगितलं. पुढल्या रविवारी परत इचारलं. परत सांगितलं. मग अस्वल आलं, घूस आली, सगळं वाढतच गेलं. इतकी वर्षं ह्यांना खोटं सांगितलं मी, ताई. आता चारचौघांत ते बघतील पडद्यावर. बायकोनं सांगितलं म्हणून मिशी लावली हो त्यांनी पैजेला. मला काय म्हन—"

तेवढ्यात गिरणीवाल्याने चक्की बंद केली. काकू पिठाच्या डब्याचं झाकण लावायला लागल्या.

मी देशमान्यांकडं गेले. आवाज नाही म्हटलं, पाऊस येईल म्हटलं, पोरांची परीक्षा म्हटलं. आयुष्यात प्रथमच मी कुणाशी गोड बोलत होते आणि ते मला जमत नव्हतं. देशमाने म्हणाले, "तुमची तब्येत बरी आहे ना, मॅडम?"

चौथ्या दिवशी संध्याकाळी आरती झाल्याझाल्या पार्किंगमध्ये पडदा लागला. सगळी सोसायटी सतरंज्या टाकून हजर. गणपतीला एवढी गर्दी नव्हती. पहिल्या ओळीत काका, मिशीला तेल लावून. काकू त्यांच्या शेजारी, मान खाली घालून. मी मुद्दाम काकूंच्या मागे बसले. बसून काय करणार होते देव जाणे, पण बसले.

मालिका सुरू झाली. जंगलात बर्फ पडत होता. पायमोजे घातलेले ससे होते, टोपीवालं उदमांजर होतं, हरणं होती. ढोली होत्या, त्यांना भाडं नव्हतं. झरा दिवसभर वाहत होता. घूस नाही, डबा नाही, हिरवी चोळी नाही. एक भाग झाला, दुसरा झाला. पोरं ओरडायला लागली, "काका, अस्वल कुठंय?" देशमाने रिमोट हातात घेऊन राजासारखे उभे. "अजून लावू, काका?"

काकूंनी पदराचं टोक परत बोटाला गुंडाळायला घेतलं. मला वाटलं, आता हा माणूस बायकोकडं वळणार, आणि हिचं सगळं संपणार.

काका उभे राहिले. पडद्यासमोर आले. पडद्यावरचा बर्फ त्यांच्या सदऱ्यावर पडत होता.

"अस्वल न्हाई," ते म्हणाले. "देशमानेसाहेब बरोबर हायेत. हिनं मला बरोबरच सांगितलं व्हतं. ससं सांगितलं, हरण सांगितलं. दमून आल्याला मानूस मी, अर्धं ऐकायचो, अर्ध्यात डोळा लागायचा. अस्वल माझ्याच डोक्यातलं. माझाच घोळ. उतरवतो मिशी."

लोक हसले, शिट्ट्या वाजल्या. काकूंनी मान वर केली आणि नवऱ्याकडं नुसत्या बघत राहिल्या. शब्द न् शब्द ऐकून "मंग?" म्हणणारा माणूस, हा अर्ध्यात झोपायचा? पण एवढं त्यांच्या ध्यानात आलं नसावं. त्यांचा जीव भांड्यात पडला होता, तो त्यांनी तिथंच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी काका मिशीविना जिन्यात भेटले. अनोळखी आणि जरा लहान दिसत होते. हातात दुधाची पिशवी. मी म्हटलं, "काका, तुम्हाला खरंच झोप लागायची?"

काकांनी वर आपल्या दाराकडं पाहिलं, ते लावलेलं होतं. मग दोन पायऱ्या खाली येऊन हळू आवाजात म्हणाले, "साळिंदरबाई, घरमालकाचा टीव्ही बिघडला व्हता तवा. ही दळन आनायला गेल्ती, म्याच सायकलच्या कॅरियरला बांधून न्हेला कासारवाडीला दुरुस्तीला. पार्टच मिळंना. आख्खा पावसाळा तिथंच पडून. आन ही मला दर रविवारी नवा भाग सांगतीय."

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"म्हाईत नसाया काय झालं? दार लावल्यालं बी मालकाच्या पोराकडनं कळलं. भांडायला जानार व्हतो. पर हिनं मला सांगितलं न्हवतं. हिला ते सांगायचंच न्हवतं. मंग म्या कुठल्या तोंडानं भांडू?" त्यांचा हात सवयीने मिशीकडं गेला आणि रिकामाच खाली आला. "गावात भरल्या घरात वाढल्याली पोरगी. हितं आठवडाभर भिंतीकडं बघत बसायची. बोलायला कोन न्हाई. पर रविवारी मी आलो की तोंडावर उजेड असायचा बगा. दुपारपासनं जुळवत बसायची, आज काय सांगू. त्यो उजेड म्या कशाला इजवू?"

मी कठड्यावरचा माझ्या फ्रिजचा ओरखडा बोटाने पुसत राहिले.

"तिला सांगू नका," काका म्हणाले. "पैजेला मागं सरलो असतो तर ही तिथंच खोटी पडली असती. मिशी काय, महिन्याभरात येतीया."

तर आता दोघांची दोन गुपितं माझ्याकडं आहेत आणि मला एकही कुठं बोलायची सोय नाही. चार लोकांत फुशारकी मारायची एवढी चांगली संधी, तीही गेली.

त्या रविवारी संध्याकाळी भिंतीपलीकडं सामसूम होती. भाकरी थापल्याचा आवाज येत होता, बाकी काही नाही. अस्वल काकांच्याच डोक्यातलं म्हटल्यावर काकूंनी आता कोणत्या तोंडाने सांगायचं? पुढचा रविवार आला, तोही तसाच. मी टीव्ही बंद करून, भाजी चिरायची ताटली घेऊन भिंतीला लागून बसले होते. बसले होते, काय करू.

बऱ्याच वेळाने काकांचा आवाज आला. "मंग? आज काय झालं मालिकेत?"

थापायचा आवाज थांबला. मी सुरी खाली ठेवली.

"आज?" काकू म्हणाल्या. मग घसा खाकरल्याचा आवाज. "आज काय, आज कोल्ह्यानं अस्वलाची मिशी कापली."

"अस्वल हाय व्हय अजून?"

"हाय की," काकू म्हणाल्या. "जातंय कुठं?"

"बरं," काका म्हणाले. "मंग?"