काकांचं मधलं वर्तुळ

माझ्या लग्नात, अक्षता पडायची वेळ झालेली असताना, गंगाधरकाका मांडवाच्या दारातल्या रांगोळीपाशी टेप घेऊन उकिडवे बसले होते. "रेघ लई जाड झाली," म्हणाले. "बारा सेंटिमीटरच्या वर न्हाई चालत." हा नियम रांगोळीचा नसून फुटबॉलच्या मैदानाचा आहे, हे सासुरवाडीच्या मंडळींना समजावता समजावता माझा मुहूर्त टळत होता.

काका आमचे शेजारी. उभी हयात जमीन मोजणीत घालवून निवृत्त झाले आणि नांदेडच्या आमच्या गल्लीमागच्या मैदानावर पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारायचं काम त्यांनी अंगावर ओढून घेतलं. दर रविवारी सामन्याआधी चुन्याचं घमेलं घेऊन हजर. पेनल्टीचा ठिपका गोलपासून बारा वार, कोपऱ्यातली कमान एक वार. बोटभर चुकलं तरी अख्खी रेघ पुसून पुन्हा. कुणी कुरकुरलं की ठरलेलं उत्तर, "इंचाला पाहुणचार न्हाई!"

मधलं वर्तुळ मात्र टेपने नाही. मध्यापासून रेघेपर्यंत दहा वार लागतात. एकदा ऐनवेळी दोरी तुटली, तेव्हा काकूंनी वाळत घातलेलं लुगडं आणून दिलं. "हे घ्या. नऊ वार हाय. एक वार तुमी जोडा." काकांनी वारभर दोरी जोडली आणि तीच रीत पडली. मधोमध मी पदर धरून उभा, दुसऱ्या टोकाला काका फक्की सांडत फिरतायत, आणि काठावरून काकू ओरडतायत, "सावकाश वढा, फाडू नका!"

मग काकू गेल्या. लुगडं राहिलं.

गेल्या महिन्यात तेही फाटलं, नेमकं मोठ्या सामन्याच्या सकाळी. सामने भरवणाऱ्या मंडळाने फक्कीचं यंत्र आणून ठेवलं होतं; बाहेरगावच्या पंचाने एक चूक काढली की काकांना घरी बसवणार होते. मी टेप पुढे केला. काकांनी तो बघितलाही नाही. फाटल्या जागी गाठ मारली, त्यात हातभर कापड गेलं.

"दोरी वाढवा ना, काका."

"न्हाई. दोरी माजी हाय. ती वारभरच."

पंचाने मोजलं. "काका, वर्तुळ हातभर कमी भरतंय."

"ठाऊक हाय, सायेब. यंदा जरा आखूड झालंय." काकांनी खांद्यावरचं लुगडं सारखं केलं. "चालवून घ्या."

काकांच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदाच ऐकले. पंचाने गाठीकडे पाहिलं आणि टेप गुंडाळला.

यंत्र अजून मंडळाच्या खोलीत पडून आहे. गेल्या रविवारी मी पुन्हा पदर धरून उभा राहिलो. काठावर कुणी नव्हतं. काकाच म्हणाले, "सावकाश वढ. फाडू नको."