तळाचे सॅम्पल

इंगवलेसाहेब जिलेबी तीन ठिकाणांहून खातात. एक वेटोळे परातीतल्या ढिगाच्या माथ्यावरचे, एक मधले आणि एक अगदी तळाचे, पाकात बसलेले. तिन्ही चाखून झाली की ते क्षणभर डोळे मिटतात आणि एक तर "पास" म्हणतात किंवा "रिजेक्ट". बोईसर स्टेशनजवळचा मिठाईवाला आता त्यांना दुरून येताना पाहूनच ढिगात हात घालतो. एका वेळी पाव किलोहून अधिक जिलेबी त्यांनी कधी विकत घेतल्याचे मला आठवत नाही. मात्र आजवर नुसती चाखलेली एकत्र केली असती, तर तिच्यात एखाद्या साखरपुड्याची पंगत सहज उठली असती.

याचे मूळ त्यांच्या नोकरीत आहे. साहेब मूळचे सांगलीकडचे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, औषधांचा कच्चा माल करणाऱ्या एका कारखान्यात, ते मालाची तपासणी करणाऱ्या विभागात होते. पिंपातून आलेल्या मालाचे सॅम्पल वरून, मधून आणि तळातून असे तीन ठिकाणांहून घ्यायचे, हा तिथला नियम. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी कारखान्याच्या सगळ्या वस्तू परत केल्या. हा नियम तेवढा घरी आणला.

"वरचा माल दाखवायचा असतो, सर," ते मला सांगतात, "आणि तळाचा खपवायचा असतो. म्हणून तळाचंच सॅम्पल खरं."

मी भूगोलाचा शिक्षक होतो, त्यामुळे वसाहतीत सगळे मला सर म्हणतात. या तत्त्वाला उत्तर देण्याइतके माझे शिक्षण झालेले नाही.

एकदा सफाळ्याच्या एका शेतकऱ्याकडे आम्ही तांदूळ घ्यायला गेलो होतो. साहेबांनी पोत्यात हात घातला तो थेट खांद्यापर्यंत. तळाची मूठ वर आली, पण मनगटावरचे घड्याळ आले नाही. मग अंगणात ताडपत्री अंथरून सगळे पोते उपडे करावे लागले. घड्याळ सापडले. शेतकरी कपाळाला हात लावून बसला होता आणि साहेब ताडपत्रीवर गुडघे टेकून त्याचे अभिनंदन करत होते. "एकसारखा लॉट हाय हो तुमचा. एवढं पूर्ण सॅम्पलिंग मी नोकरीतसुद्धा केलं नव्हतं."

लग्नालाही ते तीन ठिकाणी बसतात. थोडा वेळ पुढे, थोडा वेळ मधे आणि मंगलाष्टके सुरू झाली की अगदी शेवटच्या रांगेत, आइस्क्रीमच्या टेबलापाशी. गेल्या हंगामात पालघरला आमच्या इमारतीतल्या एका मुलीचे लग्न झाले. मुलीच्या वडिलांना भेटून, त्यांचा हात हातात घेऊन साहेब म्हणाले, "सगळं पास. फक्त मागच्या रांगेत अक्षता पोचल्या नाहीत. दोन म्हातारी माणसं रिकाम्या मुठी उडवत होती. तेवढं होल्डवर ठेवतो." मुलीचे वडील घाबरून गेले. लग्न होल्डवर आहे, एवढेच त्यांना ऐकू आले होते.

आता थोडे टीव्हीविषयी, आणि नाइलाजाने थोडे माझ्याविषयी.

वहिनी गेल्यापासून साहेब एकटे राहतात. पूर्वी संध्याकाळी सातच्या बातम्यांना त्यांच्याकडे सगळा जिना जमत असे. हळूहळू कुणी मुलाकडे पुण्याला गेले, कुणी गावी परतले, आणि बाकीच्यांच्या घरी मोठाले टीव्ही आले. उरलो मी. माझा स्वभाव असा की कारणावाचून कुणाच्या दारात उभे राहणे मला जमत नाही. म्हणून मी हातात भाजीची पिशवी घेऊन त्यांच्याकडे जातो. "भाजीला निघालो होतो, म्हटलं डोकावावं," असे म्हणतो आणि दाराजवळच्या, फ्रिजला टेकलेल्या खुर्चीत बसतो. मी साहेबांच्या दोन मजले खाली राहतो आणि भाजीबाजार रस्त्यावर आहे, तेव्हा भाजीला निघालेला माणूस दोन मजले वर कसा चढतो, हे साहेबांनी मला कधी विचारलेले नाही. तपासणीत आयुष्य काढलेल्या माणसाने एवढी एकच गोष्ट न तपासता पास केली होती.

मग एके दिवशी त्यांचा जुना टीव्ही गेला. चित्र आधी पट्टीएवढे झाले, मग रेघेएवढे, आणि मग तेही नाही.

टीव्ही गेला म्हणजे बातम्या गेल्या, आणि बातम्या गेल्या म्हणजे माझे डोकावण्याचे कारण गेले. नुसते बोलायला जावे, तर काय बोलणार? साहेबांकडेही मला बोलावण्यासाठी काही उरले नव्हते. आम्ही जिन्यात भेटत होतो, पाणी किती वाजता आले याची देवाणघेवाण करत होतो आणि आपापल्या मजल्याकडे वळत होतो. असे काही आठवडे गेले. मी त्या काळात खरोखरच भाजी आणू लागलो, आणि घरात दुधी फार झाला.

शेवटी एका सकाळी साहेब खाली आले. "सर, भाजीला निघालाय का?"

"हो, निघतच होतो."

"मग पिशवी घ्या आणि चला. टीव्ही बघून ठेवू."

दुकान बोईसरच्या मुख्य रस्त्यावरचे. तिथे ज्योत्स्नाबाई नावाच्या विक्रेत्या होत्या, सातपाटीच्या कोळीवाड्यातून आलेल्या, बोलायला खणखणीत. त्यांनी आम्हाला दोन टीव्हींसमोर उभे केले. एक स्वस्तातला आणि आकाराने ऐसपैस. दुसरा भारीतला, किंमत जवळजवळ तिप्पट. दोन्हींवर निळा समुद्र, लाल पोपट आणि संथपणे फुटणारे डाळिंब असे काहीतरी चालू होते.

"हे बंद करा," साहेब म्हणाले. "हा विकणाऱ्याचा माल झाला. आमचं सॅम्पल लावा."

त्यांनी खिशातून एक पेनड्राइव्ह काढला. त्यात कुंभवलीच्या नाक्यावर भर रस्त्यात बसलेल्या एका म्हशीचे, त्यांनी स्वतः मोबाइलवर काढलेले चित्रीकरण होते. म्हैस काही करत नव्हती. अधूनमधून एखादा टेम्पो तिला वळसा घालून जात होता.

ज्योत्स्नाबाईंनी साहेबांकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि मग निमूटपणे म्हैस लावली. दोन्ही पडद्यांवर दोन म्हशी रवंथ करू लागल्या. दुकानात माणसे थांबू लागली. कारखान्याच्या गणवेशातला एक गृहस्थ मिक्सर बघता बघता जवळ आला. "अरे, ये तो अपने गेट के सामने का है," तो सोबत्याला म्हणाला. "रुक, मेरा टेम्पो आएगा अभी." त्याचा टेम्पो आला नाही, पण तो शेवटपर्यंत थांबला.

साहेबांनी आधी समोरून पाहिले. मग मधून, म्हणजे थोडे बाजूला सरकून पाहिले. म्हशीच्या पाठीवरची माशी भारी टीव्हीवर स्पष्ट दिसत होती आणि स्वस्तातल्यावर ती माशी आहे हे समजून घ्यावे लागत होते. तरी बातम्यांना तेवढे पुरे, असे माझे मत पडले.

"आता तळ," साहेब म्हणाले.

त्यांनी एक स्टूल मागून घेतले आणि ते दुकानाच्या अगदी दारात, खोक्यांच्या थप्पीला चिकटवून ठेवले. तिथून टीव्ही पार तिरपा दिसत होता. "सर, ती पिशवी द्या जरा," असे म्हणून त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. मग ते त्या स्टुलाच्या कडेवर बसले. पूर्ण नाही, अर्धेच. पिशवी मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी तिचे बंद धरले, एक पाऊल उंबऱ्याकडे वळवून ठेवले आणि मान वाकडी करून ते म्हशीकडे पाहू लागले. कोणत्याही क्षणी उठून पळणार असलेल्या माणसासारखे ते दिसत होते. मिक्सरवाला हसला. ज्योत्स्नाबाईंनी पदर तोंडाला लावला. मलाही हसू आवरले नाही.

"स्वस्तातली म्हैस पांढरी पडली," साहेबांनी तिथून जाहीर केले. "रिजेक्ट."

"काका, आमी म्हावरं घेताना पन एवढं बगत नाय," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "मासळीचा कल्ला उचलला, लाल दिसला, घेतला. आनि तुमच्या घरात दारात बसून टीवी बगतं कोन?"

तेवढ्यात नाशिकहून त्यांच्या मुलीचा, इंदूचा फोन आला. "बाबा, साधा घ्या हो. तुम्ही नुसत्या बातम्या तर बघता," एवढे मलाही ऐकू आले. साहेबांनी तिला होल्डवर ठेवले. फोनवरही आणि एकूणही.

मग मी माझ्या स्वभावाबाहेर जाऊन बोललो. "साहेब, इंदूचं म्हणणं बरोबर आहे. तुम्ही नेहमी बरोब्बर समोर बसता. समोरून दोन्ही सारखेच आहेत. एकट्या माणसाला..."

वाक्य तिथेच सोडून द्यावे लागले, कारण साहेबांनी माझ्याकडे पाहिले होते. रागाने नव्हे. कारखान्यात एखादा नवखा पिंपाचे झाकण उघडूनच सही करायला निघाला, की ते त्याच्याकडे असेच पाहत असणार.

"तळाचं सॅम्पल, सर," ते म्हणाले आणि पुन्हा स्टुलावर बसून म्हशीकडे पाहू लागले.

पेन्शनीच्या हिशेबात भारी टीव्ही बसेना आणि दारातल्या स्टुलावरून स्वस्त टीव्ही पास होईना. अखेर त्यांनी भारीतलाच घेतला, पण त्यातला सर्वांत लहान. ज्योत्स्नाबाईंनी बिल करताना पुन्हा एकदा विचारून घेतले. "काका, जास्ती पैशात छोटा टीवी नेताय. मागून मला बोलू नका हां."

इमारतीत ही बातमी आमच्या आधी पोचली. टीव्हीचे खोके जिन्यातून वर चढताना तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "हे काय, टीव्हीचं पिल्लू आणलंत का? मोठा कधी होणार?" साहेबांनी गंभीरपणे सांगितले, "बघू. खाणं-पिणं व्यवस्थित ठेवलं तर होईल." मी मात्र मनातून खट्टू झालो होतो. जिलेबीत चालते ते टीव्हीत चालत नाही आणि माणूस आपल्याच सवयीने फसतो, असे काहीसे माझ्या मनात आले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमारास मी पिशवी घेऊन वर गेलो.

"भाजीला निघालो होतो," मी म्हटले, "म्हटलं, बसवला का बघावं."

"या."

टीव्ही भिंतीवर बसला होता. खरोखरच लहान दिसत होता. साहेब त्याच्या समोर, आपल्या नेहमीच्या जागी बसले. मी दाराजवळच्या खुर्चीत बसलो. बातम्या सुरू झाल्या.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. जुन्या टीव्हीत मला त्या खुर्चीतून कधीच काही दिसले नव्हते. काचेवर ट्यूबलाइटचा पट्टा पडायचा आणि त्याच्या आड माणसे सावल्यांसारखी हलायची. मी बातम्या केवळ ऐकत असे आणि साहेबांनी मान हलवली की मीही हलवत असे. खुर्ची पुढे घेऊ का, असे विचारण्याचा धीर मला इतक्या वर्षांत झाला नव्हता.

आज बातम्या देणाऱ्या बाई मला दिसल्या. त्यांची साडी हिरवी होती, काठ जांभळे होते आणि चेहरा माणसाच्या चेहऱ्याच्या रंगाचा होता.

"पांढरी पडते का?" साहेबांनी मागे न वळता विचारले.

"कोण?"

"बाई."

"नाही. व्यवस्थित दिसतेय."

"पास."

मी त्यांना काहीतरी म्हणणार होतो, पण माझी नजर खाली गेली. मी खुर्चीच्या कडेवर बसलो होतो. पूर्ण नाही, अर्धाच. पिशवी मांडीवर होती, तिचे बंद मी दोन्ही हातांनी धरले होते, आणि एक पाऊल उंबऱ्याकडे वळलेले होते. दुकानाच्या दारातले ते स्टूल, ती वाकडी मान आणि माझे हसणे, सगळे मला एकदमच आठवले.

बातम्या पुढे चालूच होत्या. त्यात काय सांगितले, ते मला आज आठवत नाही.

जाहिराती लागल्या तेव्हा साहेब चहा ठेवायला उठले. स्वयंपाकघराकडे जाता जाता त्यांनी माझ्या डोक्यावरच्या भिंतीकडे बोट दाखवले. तिथे एक नवा कोरा हूक होता.

"टीव्हीवाला भोकं पाडतच होता," ते म्हणाले, "म्हटलं, एक इथंही पाड. पिशवी अडकवा की त्याला. भाजी काय कुठं पळून जात नाही."