मध्यावर भेटू

चूक माझीच. डॉक्टरांनी नुसतं "चालत जा रोज" एवढंच सांगितलं होतं. पण मी घरी येऊन जाहीर केलं, "मी ती लांब पल्ल्याची पायवाट चालणार!" आमच्या शहरामागून निघून डोंगराडोंगरांतून सहाशे चाळीस किलोमीटर जाणारी ती वाट. बायकोने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. (खरं तर पोटाशीच थांबली.)

"सगळी नको," ती म्हणाली. "एका दिवसात होईल असा एखादा चांगला तुकडा शोधा. एक रविवार धड पार पाडून दाखवा. नाहीतर यापुढचे सगळे रविवार भाऊजी ठरवतील."

भाऊजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, माझे साडू. त्यांना मी मनातल्या मनात कर्नल म्हणतो. लष्कराशी त्यांचा संबंध एवढाच, की सुट्टीच्या दिवशी पहाटे पाचला शिट्टी फुंकून ते अख्खं घर उठवतात. माझी रविवारची झोप पणाला लागली होती.

मी जावक विभागातला कारकून. तुकडा शोधायला अडीच महिने घेतले. चढ, सावली, पाणी, बसण्याजोगे दगड, सगळ्याचे रकाने आखले. (तेवढ्यात लोक अख्खी वाट चालून येतात, असं बायकोचं मत.) शेवटी अठरा किलोमीटरचा झकास तुकडा सापडला. अडचण एकच. अशी वाट पुढेच जाते, ती तुम्हाला गाडीपाशी परत आणून सोडत नाही.

त्यावर मी नामी युक्ती काढली. आम्ही उत्तर टोकाला गाडी लावून निघायचं, कर्नल आणि ताईंनी दक्षिण टोकाला. खिंडीतल्या झऱ्यापाशी भेटायचं, किल्ल्यांची अदलाबदल करायची आणि पुढे जाऊन एकमेकांच्या गाड्या घेऊन घरी यायचं. कर्नलनासुद्धा "बरं आहे" म्हणावं लागलं. मी ऐकू न आल्याचं सांगून ते पुन्हा वदवून घेतलं.

रविवारी झऱ्यापाशी पोचलो, तर कर्नल घड्याळ बघत उभे.

"चार मिनिटं उशीर."

"आम्हाला चढ होता."

"चढ आम्हाला होता!"

"नकाशा बघा. उत्तरेकडून सलग चढ आहे."

"नकाशा वाचला कोणी? तुम्हीच ना? मग झालं!"

खिंड माथ्यावर असते, म्हणजे चढ दोघांनाही होता, हे उमगायला आम्हाला अर्धा तास लागला. उमगल्यावर, कोणाचा जास्त होता यावर आणखी अर्धा तास. दोघी बहिणी दगडावर बसून डबा खात होत्या. अखेर मी "आता उतार तरी नीट उतरा!" असं सुनावून ताडताड निघालो. शेवटचा शब्द माझा! पुढचे नऊ किलोमीटर मी हवेत होतो.

दक्षिण टोकाला कर्नलची गाडी चकचकीत उभी होती. मी ऐटीत खिशातून किल्ली काढून बटण दाबलं. गाडी ढिम्म. पुन्हा दाबलं. मग किल्लीकडे पाहिलं. ती आमच्याच गाडीची होती.

वादाच्या नादात अदलाबदल राहूनच गेली होती. मोबाईलला रेंज नाही. तिकडे कर्नल आमच्या गाडीपाशी, त्यांचीच किल्ली घेऊन उभे असणार. झालं, गेले माझे रविवार! बायकोने बूट काढून पाय पसरले होते.

"तू बस," मी शक्य तितक्या सहज म्हणालो. "मी जरा पाणी घेऊन येतो."

"झऱ्याचं? नऊ किलोमीटरवरून?"

मी खाली बसलो आणि सगळं कबूल केलं. तिने शांतपणे पिशवीतून एक किल्ली काढली. "भाऊजींच्या गाडीची जादा किल्ली. ताईने झऱ्यापाशीच दिली, मी तिला आपली दिली."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"तुमचा वाद रंगात आला होता. मधे बोललेलं आवडतं कुठे तुम्हाला?"

गाडी सुरू झाली आणि माझ्या जिवात जीव आला. "म्हणजे रविवार धड पार पडला म्हणायचा! पुढचे रविवार काही तुझे भाऊजी ठरवणार नाहीत!"

"नाही ठरवणार. ताई आणि मी ठरवलंय. पुढचा तुकडा आम्ही दोघीच चालणार. भाऊजी आम्हाला एका टोकाला सोडतील, तुम्ही दुसऱ्या टोकाला न्यायला यायचं."

"न्यायला मीच का?"

"भाऊजी एका जागी टिकत नाहीत," ती गिअर टाकत म्हणाली. "तुम्हाला एकदा सावलीत लावून ठेवलं, की संध्याकाळपर्यंत जागचे हलत नाही."