डॉक्टर नन्नावरे मासिक निवडतात

डॉक्टर नन्नावरे वैद्यकीय मासिक हातात आलं की आधी शेवटचं पान उघडतात. तिथे मागच्या अंकातल्या चुकांची दुरुस्ती असेल, तर मासिक टेबलावर राहतं. नसेल तर खिडकीत जातं आणि त्यावर चिमण्यांना तांदूळ पडतात. "जे आपली चूक कबूल करत नाई, त्याले मी माझी जखम कायले दाखवू?"

चंद्रपुरात माझं सर्जिकल सामानाचं दुकान आहे. अस्वलाने फाडलेले चेहरे कसे शिवावेत, यावर डॉक्टरांनी शोधनिबंध लिहिला. त्यातला धागा न् धागा माझ्या दुकानातला. शेवटी आभारात दुकानाचं नाव टाका, एवढंच मी मागितलं होतं. म्हणाले, "रफिकभाई, हे लग्नाची पत्रिका नाई." हा राग मी जपून ठेवला आहे, गिऱ्हाईक नसलं की काढून बघतो.

पण मासिकच ठरेना. एकाने तीन दिवसांत छापतो म्हणून कळवलं. "जखम भराले महिना लागते, अन् यायले तपासाले तीन दिवस?" गेलं खिडकीत. दुसऱ्याने फी मागितली. घासाघीस हा माझा प्रांत. मी फोन लावला, आवाज चढवला, फी निम्म्यावर आणली आणि छाती काढून केबिनमध्ये शिरलो.

"इतक्या लवकर उतरले? मंग माल खराब आहे."

दुसऱ्याच्या मालाबद्दल मी जन्मभर हेच म्हणत आलो, त्यामुळे भांडताही येईना.

शेवटी एका नामांकित मासिकाचा होकार आला. अट एकच: फोटोत रुग्णाच्या डोळ्यांवर काळी पट्टी. मी पेढे घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, "थांबा. कौशल्याबाईले विचारतो."

पहाटे मोहफुलं वेचताना अस्वल अंगावर आलेली ही बाई त्या दिवशी तपासणीला आली होती. तिने स्क्रीनवरच्या पट्टीवर बोट ठेवलं.

"हे काऊन झाकलं, डॉक्टरसाहेब? नाक तुमी केलं, गाल तुमी शिवला. डोळे तेवढे माह्ये आहेत."

डॉक्टरांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग तिच्यासमोरच नकार टाईप केला.

मी ओरडलो, "असं मासिक पुन्हा मिळन का?"

"नाई मिळन," म्हणाले, आणि माझे पेढे तिच्याकडे सरकवले.

पुढे एक लहान मासिक सापडलं. शेवटच्या पानावर चुका होत्या, चांगल्या ठसठशीत. बाईंची संमती पाहून उघडे डोळे छापायलाही तयार. पण पानं मोजकी, फोटो बोटभर. मी संपादकांना फोनवर धरलं. गडी खमका निघाला. "मजकूर कमी करा, फोटो वाढवतो."

डॉक्टर कागद चाळत राहिले. "यातलं एकबी वाक्य काढता येत नाई, रफिकभाई."

मी कागद हिसकावला. शेवटी आभार होते: 'भांडून का होईना, पण धागा वेळेवर पोचवणारे रफिकभाई, चंद्रपूर.' खाली दुकानाचं नाव. डॉक्टर खिडकीकडे बघत होते.

मी ते दोनदा वाचलं. मग फोन कानाला लावला.

"शेवटच्या दोन ओळी काढतो, साहेब. बोला, फोटो किती वाढवता?"