खुनाच्या वेळी भूक कोणाला लागली?

"सर, माझ्या फिल्ममध्ये माणूस मरत होता. तुम्ही हसलात का?"

अख्ख्या वर्गासमोर हे विचारायची मैथिलीची टाप नाही, अशी पैज देवश्री आणि कोमलने लावली होती. मैथिलीची टाप नाही! वासणा भागातल्या सोसायटीतलं हरवलेलं मांजर जिने शोधलं (ते आपणहून परत आलं, पण मैथिलीच्या धाकाने), त्यांच्या गुजराती शहरात निजामपुऱ्यापासून हरणीपर्यंत जिच्या तोडीची डिटेक्टिव्ह नाही आणि ही गोष्ट निदान स्वतः तिला तरी पक्की ठाऊक होती, त्या मैथिलीची? विचारलं तिने.

गजेंद्र सर चष्मा पुसत म्हणाले, "बेटा, अंधार सरस आहे. शॉट लांबलाय, तो काप. पण ऐन खुनाच्या वेळी मला भूक लागली, त्याचं बघ. सोमवारपर्यंत सुधारलीस तर ठीक, नाहीतर गॅदरिंगला उत्कर्षची फिल्म."

उत्कर्षची फिल्म कमाटीबागेतल्या बदकांवर होती. बदकांकडून हरायचं?

मैथिलीच्या फिल्मची सुरुवात दोनच मिनिटांची. गच्चीच्या कठड्याशी पाठमोरे बाबा, आणि मागून सरकत येणारा हातमोजा. हातमोज्यात देवश्री. हात पाठीला टेकणार, एवढ्यात वर्ग हसून फुटला होता. नेमका तिथेच. म्हणजे घातपात!

"शेवउसळ!" मैथिलीने जाहीर केलं. "कुणीतरी त्याच क्षणी कॅन्टीनचं दार उघडलं. वास आला, भीती गेली."

"कॅन्टीन बंद होतं गं," देवश्री म्हणाली.

"मग हातमोजा पुरीसारखा दिसला असेल."

"काळा आहे तो."

"करपलेली पुरी."

देवश्रीने वहीत लिहून घेतलं, 'करपलेली पुरी'. डिटेक्टिव्हची असिस्टंट झाल्यापासून तिला ही सवय लागली होती.

मग संशयित नंबर एक, उत्कर्ष. "वर्गाला फितवलंस ना?"

"मी कशाला? तुझा खुनीच उपाशी होता."

उपाशी! एवढी अक्कल बदकवाल्याला कुठून? गुन्हेगार जास्त बोलतो आणि अडकतो, असं मैथिली तुच्छतेने म्हणाली. कशात अडकला, ते तिलाही कळलं नव्हतं.

शनिवारी तिने मामाच्या कॅमेऱ्यातली कॅसेट घरच्या टीव्हीवर लावली. बाबा, म्हणजे रिफायनरीतले माधवराव, स्वतःची पाठ कौतुकाने बघत होते. आई नव्याकोऱ्या घरघंटीत गहू ओतत होती. समोरच्या नलिनीबेन विरजण मागायला आल्या आणि टीव्हीपुढेच थबकल्या. हातमोजा पाठीजवळ आला. नलिनीबेनना दया आली.

"अहल्याबेन, आ छोकरीने लोट आपो ने! क्यारनी मांगे छे!"

"कोण मागतंय पीठ?" आईने विचारलं.

नलिनीबेननी टीव्हीकडे बोट दाखवलं. मैथिलीने कॅसेट मागे घेतली, आवाज वाढवला. हातमोजा पुढे येत होता, आणि कॅमेऱ्यामागून कुणीतरी दात-ओठ खाऊन फुसफुसत होतं, "लोट! लोट ना! अगं, लोट की!"

देवश्री धक्का मारायला लाजत होती, म्हणून बिचारी दिग्दर्शिका तिला लोटायला सांगत होती. घरात कुणालाच काही खटकलं नव्हतं. वर्गातली निम्मी पोरं आणि गजेंद्र सर मात्र गुजराती; ते पीठ मागणारा खुनी ऐकत होते.

"आवाज कुणाचा गं हा?" बाबांनी साळसूदपणे विचारलं.

"हिला स्वतःचा आवाज कधी ऐकू येतो का?" आई म्हणाली. "पुसून टाक आता तेवढा, झालं."

मैथिलीचे कान तापले. पुसला, तर गंभीर सुरुवात. सोमवारी सर खूश, बदकं घरी. सोपं होतं. पण वर्ग काही बदकांना हसला नव्हता.

ती सोफ्यावर उभी राहिली.

"आई, बाबा, ठरलं! आवाज राहणार. मोठ्यानं राहणार! हुकूम देणारी मराठी, हात गुजराती. ती म्हणते लोट, आणि तो पीठ घेऊन येतो. बाबा, तुम्ही वाचलात, फक्त पांढरे व्हाल. नलिनीबेन, हातमोजा घाला. आणि आई, डबाभर लोट दे."