मेर्टाचा कान

"पोर चांगली आहे रे हेनिंग, पण बोटीवर तिचा उपयोग काय? बोटीवर 'बस' म्हणणारं माणूस लागतं. ही तर जेवताना मीठसुद्धा मागत नाही."

हे वाक्य तुवासाठी नव्हतं. ते तिच्या सासऱ्याने, एवाल्डने, धक्क्यावर उभं राहून आपल्या मुलाला सांगितलं होतं, आणि तेही आवाज खाली आणून. पण एवाल्ड जन्मभर वाऱ्यात बोलत आलेला माणूस. त्याचा खालचा आवाज शेजारच्या तीन बोटींना सहज पुरायचा. आणि तुवा तर त्यांच्याच बोटीच्या पोटात, उघड्या झडपेखाली, दालचिनीचे पाव ताटलीत मांडत होती.

(ती मीठ मागत नसे हे खरं. एवाल्डच्या हातच्या जेवणात मीठ कधी कमी नसायचं, हेही तितकंच खरं.)

आता असं ऐकलेलं वाक्य घेऊन माणसाने जायचं कुठे? वर गेलं तर चेहऱ्यावर दिसणार. खाली बसून राहिलं तर हेनिंग डोकावणार, आणि सहा महिन्यांच्या नवऱ्यालाही आपल्या बायकोने काय ऐकलं ते कळायला फार वेळ लागत नाही. तेव्हा तुवाने ठरवलं, आपण काही ऐकलंच नाही. आणि ऐकलं नाही असं दाखवायचं तर जिथे ऐकू येत नाही अशा जागी आपण होतो, हे दिसायला हवं. 'विपा'वर, म्हणजे त्यांच्या त्या बोटीवर, तशी जागा एकच होती. तुवा पाय न वाजवता टॉयलेटात शिरली आणि तिने दार हळूच ओढून घेतलं.

निर्णय एवढाच. फार तर पाच मिनिटांचा.

वर बापलेकांनी पेच आवळायचे पाने हातात घेतले. मे महिन्यातला शनिवार होता. आदल्या संध्याकाळी क्लबच्या क्रेनने सगळ्यांच्या डोलकाठ्या उभ्या करून दिल्या होत्या आणि आज सगळं बंदर आपापल्या तारा आवळत होतं. डोलकाठी काही नुसती उभी राहत नाही. तिला पुढून एक, मागून एक आणि दोन्ही अंगांनी तीन-तीन तारा धरून ठेवतात. प्रत्येक तारेच्या बुडाशी एक पितळी पेच. तो कमी आवळला तर काठी झिंगल्यासारखी डोलते, जास्त आवळला तर बिचारी बोट धनुष्यासारखी वाकू लागते. बरोबर काय, ते या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतं. 'विपा'चं 'कुठेतरी' नेमकं कुठे, हे फक्त मेर्टाला माहीत होतं.

मेर्टा म्हणजे एवाल्डची बायको. चर्चच्या गायनमंडळात ती खालच्या पट्टीत गायची आणि तिचा कान साऱ्या किनाऱ्यावर प्रसिद्ध होता. दर वसंतात एवाल्ड पेच आवळायचा आणि मेर्टा खाली कॉफी करता करता तारांचा ताण ऐकायची. "आणखी!" खालून आवाज यायचा. "अर्धा आटा!" मग "बस!" आणि ते 'बस' असं असायचं, की एवाल्ड पाना तिथल्या तिथे खाली ठेवायचा. मग मेर्टा हात पुसत वर यायची, तार बोटाने छेडायची, तिच्याबरोबर तोच सूर गुणगुणायची, आणि एवाल्ड आजूबाजूच्या बोटींकडे असा बघायचा की जणू तो सूर त्यानेच काढला. लोक तिला आपल्या बोटीवर बोलवायचे. ती जायची, पण एका अटीवर. "वरून नाही ऐकू येत मला," म्हणायची. "मला खाली जाऊ द्या, आणि कॉफी टाका."

गेल्याच्या आदल्या हिवाळ्यात मेर्टा गेली. गेल्या उन्हाळ्यात 'विपा' तीन महिने डावीकडे कलून चालली. ऑगस्टमध्ये तिला सुट्टीवर आलेल्या लोकांच्या एका भाड्याच्या बोटीने मागे टाकलं. त्या बोटीवरचे सगळेच्या सगळे त्या वेळी जेवत होते. त्यानंतर आठवडाभराने एवाल्ड म्हणाला, विकून टाकू.

आज दुपारी दोन वाजता उडेवाल्लाहून एक दातांचा डॉक्टर बोट बघायला येणार होता. "एकदा प्रयत्न करू," एवाल्डने सकाळी सांगितलं होतं. "ती पहिल्यासारखी उभी राहिली तर राहील आपल्याकडे. नाहीतर डॉक्टर घेऊन जाईल."  हेनिंग तीन आठवडे रोज कामावरून परस्पर इथे येऊन वार्निश लावत होता. त्याच्या नखांना, उशीला आणि तुवाच्या केसांनाही आता वार्निशचाच वास यायचा.

"अर्धा आटा घेतला," वरून एवाल्डचा आवाज आला.

"मग माझ्या बाजूलाही अर्धा घ्यायला हवा," हेनिंग म्हणाला.

"अरे, आता उजवीकडे झुकली!"

"मग तू घे अर्धा."

"मी घेतो, पण तू आता हात लावू नकोस."

"तुझा झाला की बरोबरीला माझा नको का?"

बाप डावीकडे, लेक उजवीकडे. दोघांचाही स्वभाव असा, की दुसऱ्यापेक्षा अर्धा आटा मागे राहणं जमायचं नाही. तुवाने मनातल्या मनात मोजले. दोन्हीकडे मिळून अकरा आटे झाले तेव्हा तिला वाटलं, आता बाहेर पडायला हरकत नाही. तिने कडी काढली आणि दार ढकललं.

दार हललं नाही.

तिने खांदा लावला. मग पाठ लावली. मग त्या खोलीत जेवढं मागे सरकता येतं तेवढं, म्हणजे चार बोटं, मागे सरकून धडक दिली. दार आपल्या जागी भिंत झालं होतं. डोक्यावर लाकूड करकरलं, आणि मग तिच्या ध्यानात आलं. वर तारा ताणल्या जात होत्या, तशी बोट मुरडत होती, आणि बोटीबरोबर ही चौकटही.

हाक मारली की झालं, असं कुणीही म्हणेल. पण ज्या हाकेने आपला आवाज वर जाणार, तिनेच वरचा आवाज खाली येतो हेही उघडं पडणार. शिवाय हाक मारायची म्हणजे काय म्हणायचं? गावात सगळेच एकमेकांना अरे-तुरे करत. सासऱ्यालाही 'ए एवाल्ड' म्हणायची पद्धत. तुवा वर्मलँडच्या जंगलातून आलेली, तिला तेही जमलं नव्हतं. सहा महिने ती सासऱ्यासमोर नुसती जाऊन उभी राहायची आणि तो बघेपर्यंत थांबायची. बंद दाराआडून समोर जाऊन उभं राहणं शक्य नव्हतं.

मग ती बसली. बसायला तिथे एकच सोय होती.

बसल्यावर दाराची चौकट अगदी डोळ्यांसमोर आली, आणि चौकटीच्या आतल्या अंगावर पेन्सिलीने लिहिलेल्या बारीक ओळी दिसल्या. (त्या आजवर कुणाला कशा दिसल्या नाहीत, याचं कारण उघड होतं. बोटीवरचे पुरुष या खोलीत आले तरी उभ्याउभ्याच येऊन जात.) अक्षर मेर्टाचं होतं. घरच्या पाककृतींच्या वहीतलंच, उजवीकडे झुकलेलं.

सगळ्यांत वर होतं: '१९८१. अडकले. हाक मारायला लाज वाटली म्हणून गायले. ए.ला वाटलं मी सूर देतेय. त्याने तारा सैल केल्या आणि दार उघडलं. त्याला तसंच वाटू दे.'

त्याखाली: '१९८२. आज मुद्दाम आत जाऊन बसले. कार्ड दाराच्या फटीतून सहज सरकतं – आणखी आवळायचं. कार्ड घासत सरकतं – बस.'

आणि मग वर्षंच वर्षं. '१९९०. बस.' '१९९७. बस. हेनिंग म्हणतो आईचा कान जादूचा आहे.' '२००६. सिगब्रिटच्या बोटीला दार नाही, पडदा आहे. तिथे अंदाजाने बस म्हटलं. चालून गेलं.'

शेजारच्या खिळ्याला दोऱ्याने एक जुनं, कडा झिजलेलं पोस्टकार्ड लटकत होतं, दीपस्तंभाचं चित्र असलेलं. तुवाला ते शोभेचं वाटलं होतं. तिने ते हातात घेतलं आणि तिला एकदम मेर्टाच दिसली. गुडघ्यावर कॉफीचा कप, हातात कार्ड, आणि वर नवरा घाम गाळतोय. तुवाला ती एकदाच भेटली होती, लग्नाआधी, इस्पितळात. तेव्हाही तुवा गप्पच होती. मेर्टाने तिचा हात धरून म्हटलं होतं, "बोलणारे आमच्याकडे दोन आहेत. तू ऐक."

शेवटची ओळ कापऱ्या हाताने लिहिलेली होती: 'बस. पुढच्या वर्षी कोण म्हणेल?'

तुवाने डोळे पुसले. (हाताशी कागद होता, भरपूर.) मग तिने मेर्टाचाच मार्ग धरायचं ठरवलं. लाजेनं बोलवत नसेल तर गायचं. तिने श्वास घेतला आणि सूर लावला.

वरचे पाने थांबले.

"हे काय होतं?" एवाल्डने विचारलं.

"सील असेल. माशांमागे धक्क्याखाली शिरलं असेल."

"दुखणाईत दिसतंय बिचारं."

तुवाने आणखी मनापासून गायलं.

"फारच दुखणाईत आहे," एवाल्ड म्हणाला. "चल, दोन वाजत आले. एक-एक आटा घे आणि सोडून दे. नाहीच व्हायचं हे. डॉक्टरला देऊन टाकू."

तो आवाज तुवाने या घरात अजून ऐकला नव्हता. हरलेल्या माणसाचा खालचा आवाज. शेजारच्या एका बोटीलाही पुरला नसता. डोक्यावर पुन्हा लाकूड करकरलं. आणि तुवा उठून उभी राहिली आणि वर्मलँडच्या जंगलात गाई परतवायला तिच्या आजीने जो आवाज लावला असता, त्या आवाजात ओरडली:

"एवाल्ड! सोड तो पाना! सैल कर!"

बंदरभर पाने थांबले. कुणाच्या तरी हातातलं काहीतरी पाण्यात पडल्याचा आवाज आला. तो दुसरा पाना होता, हेनिंगचा.

"कि... किती?" एवाल्डने वरून विचारलं.

"दोन्हीकडे तीन-तीन!"

पेच कुरकुरले. तुवाने फटीत कार्ड घातलं. शिरलं नाही.

"आणखी एक!"

शिरलं, अडलं.

"अर्धा! दोन्हीकडे सारखा! हेनिंग, बाबाच्या पुढे जाऊ नकोस!"

"माझा पाना बुडालाय!"

"मग बाबाचं झाल्यावर त्याचाच घे!"

कार्ड घासत, कुरकुरत, दीपस्तंभासकट खालपर्यंत सरकलं.

"बस!"

 तुवाने कार्ड जागेवर लटकवलं आणि दाराला बोट लावलं. ते मुकाट्याने उघडलं. तिने ताटलीतले पाव उचलले, तेवढाच आधार, आणि ती वर आली. एवाल्ड मागे सरकून डोलकाठीकडे बघत होता. काठी आभाळात सरळ गेली होती, रेघ मारल्यासारखी. त्याने तार छेडली. घुमणारा, खालच्या पट्टीतला सूर निघाला, आणि एवाल्डने तोंड फिरवून बराच वेळ नाक शिंकरलं.

"हाच," तो म्हणाला. "हाच होता. तुला कसा कळला?"

तुवाला त्या पेन्सिलीच्या ओळी आठवल्या. 'त्याला तसंच वाटू दे.'

"खाली सगळं ऐकू येतं," ती म्हणाली.

एवाल्ड मान डोलावू लागला आणि मध्येच थांबला. 'सगळं' या शब्दाचा अर्थ त्याच्या कानांच्या पाळ्यांपासून सुरू होऊन मानेपर्यंत लाल होत उतरला. त्याने हेनिंगकडे पाहिलं. हेनिंगने पाण्यात, पाना शोधत असल्यासारखं पाहिलं.

"डॉक्टरला फोन कर," एवाल्ड घसा खाकरत म्हणाला. "म्हणावं, पाव खायला ये. बोट विकायची नाहीये." मग ताटलीतला मोठ्यातला मोठा पाव निवडून त्याने तुवाच्या हातात ठेवला. "आणि तुला मीठ हवं असेल..." तो म्हणाला, आणि स्वतःच एक पाव तोंडात कोंबून बसला.

एव्हाना धक्क्यावर गर्दी जमली होती. त्यातून सिगब्रिट पुढे आली, पडद्याच्या बोटीवाली. गेली तीस वर्षं चर्चचं गायनमंडळ तीच चालवत होती.

"मेर्टाचा कान, पोरी!" तिने तुवाचे दोन्ही खांदे धरले. "हुबेहूब! तिची जागा मी अजून रिकामी ठेवलीय. ज्याचा कान असा, त्याचा गळा कसा असेल! बुधवारी सहाला तालीम. नाही म्हणायचं नाही."

"जाईल ना!" एवाल्ड भरल्या तोंडाने म्हणाला. "आमची सून आहे ती." आणि मेर्टाच्या वेळी बघायचा तसा आजूबाजूच्या बोटींकडे बघू लागला.

सगळे तुवाकडे पाहत होते. तिने एक पाऊल मागे घेतलं. पण मागे समुद्र होता, आणि एकदा ओरडून झाल्यावर गप्प राहायची सवलत संपल्यासारखी वाटत होती.

"मघाशी धक्क्याखाली ते दुखणाईत सील ओरडत होतं ना," ती म्हणाली, "ते सील नव्हतं. मी गात होते."