वाट सांगणारे वालावलकर

एका शनिवारी मी आमच्या ऑफिसातले सगळे प्रोग्रॅम हरवून टाकले आणि शीळ घालत घरी गेले. चोरी नाही, आग नाही. फक्त एक ओळ टाइप केली होती.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. अंधेरीच्या एमआयडीसीत औषधांच्या एका कंपनीत मी नुकतीच लागले होते. अख्ख्या ऑफिसात कॉम्प्युटर एकच. त्याला एसी खोली, आणि चपला बाहेर काढून आत जायचं. मी क्लास लावून कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट घेतलेलं, म्हणजे स्वतःच्या मते शास्त्रज्ञ. कंपनीच्या मते मात्र मी अजून कच्चीच होते; नोकरीत कायम करायचं की नारळ द्यायचा, हे ठरायचं होतं.

त्या एसी खोलीचे धनी वालावलकर. माझे वरिष्ठ, पन्नाशीचे, एकटे, आणि वाट सांगायचं जबरदस्त व्यसन असलेले. 'बाथरूम कुठे?' एवढं कोणी विचारायचा अवकाश, की वालावलकर खुर्चीतून उठायचे.

"दारातून बाहेर पड. उजवीकडे वळू नकोस, तिकडे स्टोअर आहे, लोक तिथेच चुकतात. सरळ जा. पाण्याचा माठ लागेल. माठ लागला नाही तर समज, तू वळलास. आणि मध्ये कोणाला विचारू नकोस."

तोवर विचारणाऱ्याची अवस्था बघवत नसे.

दिवसातून एकदा तरी ते स्वतःच्या घराची वाट सांगायचे. कोणी विचारलेलं नसतानाही. "जोगेश्वरीला पूर्वेला उतरायचं. गुंफेच्या रस्त्याला लागायचं. पिठाची गिरणी आली की डावीकडे. पुढे दोन गल्ल्या दिसतात, लोक तिथेच चुकतात. हापशाची गल्ली धर. हापशापाशी उभं राहून हाक मार. मला वर ऐकू येतं." सेल्समनला सांगायचे, एसी दुरुस्त करणाऱ्याला सांगायचे. मला तर ती वाट तोंडपाठ झाली होती. गिरणी आली की माझं डोकं दुखायला लागायचं.

अशात नवा डेटाबेस आला. कुठल्या गोदामात कुठलं औषध किती, हे सांगणारा प्रोग्रॅम. फ्लॉप्यांवरून तो आम्ही मशीनवर चढवला. सोमवारी मोठे साहेब बघायला येणार होते.

आता गंमत अशी, की प्रत्येक प्रोग्रॅम मशीनमध्ये आपापल्या कप्प्यात राहायचा. कप्प्यात जाऊन हाक मारली तर ओ द्यायचा. बाहेरून मारली तर पडद्यावर 'बॅड कमांड ऑर फाइल नेम', म्हणजे असलं कोणी इथे राहत नाही. बाहेरूनच ओ यायला हवी असेल तर मशीनला एका ओळीत त्या कप्प्याची वाट सांगून ठेवायची. त्या ओळीचं नावच मुळी पाथ.

वाट सांगायचं काम, आणि तेही वालावलकरांच्या हाती. बघायलाच नको.

"हे बघ, मशीन सुरू झालं की आधी कुठे जातं? सरळ जातं. तिथून..."

"सर, ओळ कुठली लिहायची तेवढं सांगा ना."

"तेच सांगतोय गं. लोक तिथेच चुकतात."

शनिवारी ऑफिस अर्धाच दिवस. ते डबा खायला गेले आणि मी संधी साधली. फाइल उघडली, सगळ्यात खाली पाथची नवी ओळ लिहिली, तिच्यात फक्त डेटाबेसचा कप्पा. मशीन बंद करून चालू केलं. हाक मारली, डेटाबेसने ओ दिली. झकास. एवढ्यासाठी हा माणूस अर्धा तास खातो, असं मनात म्हणत मी घरी.

सोमवारी साहेब आले. मी रुबाबात एक शब्द टाइप केला, डेटाबेस हजर. साहेब खूश. म्हणाले, "आता एक पत्र टाइप करून दाखवा."

मी पत्रांच्या प्रोग्रॅमला हाक मारली. बॅड कमांड. हिशेबाच्या प्रोग्रॅमला मारली. बॅड कमांड. एसीत मला घाम फुटला. वाट लागली होती, आणि ती मीच लावली होती.

"मशीनला हात कोणी लावला होता?" साहेबांनी विचारलं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात वालावलकर उठले. "सांगतो साहेब. मशीन सुरू झालं की आधी सरळ जातं. उजवीकडे वळत नाही. तिथे..."

साहेबांनी जरा वेळ ऐकलं, घड्याळ बघितलं, आणि "दुपारपर्यंत नीट करा" म्हणून निघून गेले. कोणी हात लावला, ते शेवटपर्यंत आलंच नाही.

मग वालावलकरांनी ती फाइल उघडली. मी रडायच्या बेतात. "सर, सगळं पुसलं गेलं का?"

"काही नाही पुसलं. वर जुन्यांची ओळ होती. तू खाली नवी लिहिलीस. मशीन शेवटचं सांगितलेलंच धरतं. पोस्टमनला सांगितलंस, आजपासून गल्लीत हे एकच घर." त्यांनी माझी ओळ काढली आणि नवा पत्ता जुन्या ओळीच्या शेवटी जोडला. "बाकीचे आहेत तिथेच आहेत गं. त्यांच्याकडे कोणी येत नाही, एवढंच."

सगळे प्रोग्रॅम पुन्हा ओ द्यायला लागले. पुढच्या महिन्यात मला कायम केलं.

कायम झाल्यानंतरच्या रविवारी मी बेसनाचे लाडू घेऊन जोगेश्वरीला उतरले. कोणाला विचारलं नाही. गुंफेचा रस्ता, गिरणी, डावीकडे, दोन गल्ल्या, हापसा. सगळं जिथल्या तिथे. खाली उभी राहून हाक मारली, "वालावलकर सर!"

तिथेच उभे असावेत इतक्या पटकन ते गॅलरीत आले. मला वर नेलं. एकट्या माणसाची खोली, पण खुर्च्या चार. एकीची वेताची बैठक बसून बसून खाली गेलेली. बाकीच्या तिन्हींवर दुकानातलं प्लॅस्टिक अजून तसंच. एकीवरचं ते घाईघाईने ओढून काढायला लागले.

"खंय चुकलंस?" त्यांनी विचारलं. ऑफिसात त्यांच्या तोंडून मालवणी मी कधी ऐकली नव्हती.

"कुठेच नाही, सर."

त्यांनी ते प्लॅस्टिक ओढून काढलं आणि खुर्ची माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाले, "इतकी वर्षां सगळ्यांका वाट सांगतंय. ती बरोबर आसा काय, ह्यां सांगूक आजपर्यंत कोणच इलो नाय."